जनता घड्याळाची काच घरी घासायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं एचएमटी जनता कपाटाच्या तळाशी सापडलं. चावी दिली तर चालतंय, पण काचेवर इतके ओरखडे आहेत की मिनिटकाटा कुठे आहे ते घड्याळ तिरकं धरून शोधावं लागतं. कुणी म्हणतं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणतं पितळ घासायचं ब्रासो, कुणी म्हणतं पॉलिश पेपर. घरी करता येईल का, आणि करताना घड्याळाचं वाटोळं तर होणार नाही ना?

घरी करता येतं. वाटोळंही करता येतं, मी केलेलं आहे, ते पुढे सांगतो. सांगलीत वडिलांच्या दुकानात शाळेच्या सुट्टीत बसायला लागलो तेव्हा मला मिळालेलं पहिलं काम हेच होतं, कारण त्यात मशीनला हात लावावा लागत नाही. तेव्हापासून किती काचा घासल्या याची मोजदाद नाही. पण एक नक्की सांगू शकतो: बिघडलेल्या काचांपैकी कमी घासल्यामुळे बिघडलेली एकही आठवत नाही.

आधी काच कशाची आहे ते बघा. आपण सवयीने सगळ्यालाच काच म्हणतो, पण जनताची काच मुळात काच नाही. ते ॲक्रिलिक आहे, पारदर्शक प्लास्टिक. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला घड्याळं करायला घेतली, त्या काळात जगभर रोजच्या वापराच्या घड्याळांना हीच काच सर्रास असे. स्वस्त म्हणूनच वापरत, असंही नाही. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टर या घड्याळालाही ॲक्रिलिकच होतं. मार बसला तर ते तडकतं, पण त्याचा चुरा होत नाही. यानात काचेचे कण तरंगत राहिले असते तर ते कुणाच्या डोळ्यात जातील आणि कुणाच्या श्वासात, सांगता आलं नसतं.

ओळखायला सोपं आहे. घड्याळ थोडा वेळ टेबलावर ठेवा आणि मग काच वरच्या ओठाला टेकवा. खरी काच थंडगार लागते, ॲक्रिलिक तेवढं गार लागत नाही. नखाने टिचकी मारा: काचेचा आवाज टणक येतो, ॲक्रिलिकचा बद्द. तिसरी खूण ओरखड्यांचीच. ॲक्रिलिकवर शेकडो बारीक रेघा असतात, आडव्यातिडव्या, जुन्या स्टीलच्या ताटासारख्या. खऱ्या काचेवर रेघा मोजक्या असतात, पण कडेला टवके उडालेले असतात. १९८७ नंतर टायटनची क्वार्ट्झ घड्याळं घरोघरी आली, त्यांतल्या बहुतेकांना खनिज काच, म्हणजे खरी काच, आहे. जुन्या सेकोमध्ये हार्डलेक्स म्हणून तिचीच एक कठीण जात मिळते. महागड्या नव्या घड्याळांना नीलमणी काच, म्हणजे सफायर.

हे ओळखणं महत्त्वाचं का, तर पॉलिश पेपर म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, सिलिकॉन कार्बाइड साडेनऊच्या आसपास, सफायर ९, साधी काच साडेपाच आणि ॲक्रिलिक जेमतेम ३. म्हणजे हा पेपर सफायरलासुद्धा ओरखडतो, आणि ते ओरखडे नंतर हिऱ्याच्या पेस्टशिवाय निघत नाहीत. तेव्हा सफायर असेल तर घरी काही करू नका. खनिज काच असेल तर सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या तुकड्याने तासन्‌तास घोटता येते, आणि इतकं करून फक्त केसासारख्या रेघा जातात. त्यापेक्षा काच बदलून घ्या. पुढचं सगळं ॲक्रिलिकपुरतं आहे.

आता ओरखडा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. ती पृष्ठभागात पडलेली खाच असते. तिच्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून ती पांढरी रेघ दिसते. पॉलिश लावल्याने ती खाच भरून येते असं पुष्कळांना वाटतं. भरत काही नाही. खाचेच्या आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग तिच्या तळापर्यंत खाली उतरवायचा आणि मग गुळगुळीत करायचा, एवढंच आपण करतो. शेतातला एक खड्डा घालवायला अख्खं शेत खड्ड्याच्या तळाला आणण्यासारखं आहे हे. म्हणून खोल ओरखड्याच्या मागे लागण्याआधी तो घालवायची किंमत काय, ते बघावं. काचेची जाडी साधारण एक मिलिमीटर, फार तर थोडी जास्त. घासून गेलेलं परत येत नाही.

नख ओरखड्यावर आडवं फिरवा. अडकलं नाही तर पेपरला हात लावू नका, नुसत्या पॉलिशने भागेल. किंचित खडखड जाणवली तर बारीक पेपर लागेल. नख ठक्‌कन अडकलं तर काच बदलायचा विचार आधी करा. आणि रेघ काचेच्या आतून गेलेली दिसत असेल, घड्याळ हलवलं की चांदीसारखी चमकत असेल, तर तो ओरखडा नाही, तडा आहे. तडा घासून जात नाही, उलट दाबाने वाढतो. ॲक्रिलिकची काच कड्यात दाबून बसवलेली असते, ती कायम ताणाखाली असते, म्हणून तडे बहुधा कडेपासून आत येतात. डोळ्याला भिंग लावून कड सगळीकडून फिरवून बघा.

काचेखाली आतल्या बाजूला धूसरपणा असेल तर तोही बाहेरून जाणार नाही. बोट फिरवून पुसल्यावर धूसरपणा तसाच दिसला तर तो आतला. आणि डायलवरच्या चमकणाऱ्या ठिपक्यांचा रंग करपल्यासारखा तपकिरी झालेलं एखादं फार जुनं, १९६० च्या आधीचं विलायती घड्याळ असेल, तर ते घरी उघडूच नका. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य असे. बाहेरून काच पुसायला हरकत नाही, पण आतली धूळ नाकात जाता कामा नये.

टूथपेस्टबद्दल. ती काम करते, पण हळू आणि बेभरवशाची. तिच्यात घासणारे कण असतात. पांढऱ्या पेस्टमध्ये बऱ्याचदा चॉकची पूड असते, तिचा कठीणपणा ॲक्रिलिकच्याच आसपास, म्हणून हात दुखेपर्यंत घासलं तरी फार काही निघत नाही. जेलमध्ये कण नसतात हा समज चुकीचा आहे. त्यात सिलिका असते, आणि ती चॉकपेक्षा कडक. कोणत्या पेस्टमध्ये किती आणि कसली, हे बाहेरून कळत नाही. शिवाय पेस्ट काच आणि कड्याच्या फटीत शिरून वाळते आणि पांढरी कड दिसत राहते. मग ती दात कोरायच्या काडीने खरवडत बसा. घरात दुसरं काही नसेल आणि ओरखडे केसासारखे असतील तर वापरा, पण कडेपासून दूर.

ब्रासोने काच चकचकीत होते हे खरं. आमच्या वडिलांच्या पिढीतले अनेक घड्याळजी तेच वापरत. पण त्यात अमोनिया असतो, तो ॲक्रिलिकला मानवत नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे सोनेरी मुलामा दिलेल्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, ब्रासो गेला की मुलामा उतरतो. मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काच चकाकली आणि कडं पितळी दिसायला लागलं, हे मी ग्राहकांच्या घड्याळांवर किती वेळा पाहिलंय. मी स्वतः प्लास्टिकसाठी बनवलेलं पॉलिश वापरतो. घड्याळाच्या काचेसाठी जर्मनीची पॉलीवॉच नावाची छोटी ट्यूब मिळते. ती नसेल तर गाडीच्या रंगासाठीचं बारीक रबिंग कंपाउंडही चालतं, फक्त खरखरीत नको. बोटांत चोळून बघा, दाणा लागला तर ते आपल्या कामाचं नाही.

साहित्य फार नाही. वॉटर पेपर १०००, १५०० आणि २००० नंबरचे, प्रत्येकी एक ताव. त्याचे बोटभर तुकडे करा. रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप, चष्म्याचं फडकं, आणि जुन्या धोतराचा किंवा पुष्कळदा धुतलेल्या सुती बनियनचा तुकडा. नवं कापड खरखरीत असतं, ते घेऊ नका. टेबललॅम्प, आणि जमलं तर भिंग.

पाण्याची बाब इथे सांगून टाकतो, कारण लोक इथेच घड्याळ घालवतात. वॉटर पेपर ओला करूनच वापरायचा असतो, पण पन्नास वर्षं जुन्या जनताला पाणी रोखणारं काहीही शिल्लक नसतं, आणि नवी असतानाही ती पाण्यात बुडवायची वस्तू नव्हती. चावीच्या भोकातून, काचेच्या कडेतून पाणी आत जातं. आठ दिवसांनी डायलवर डाग येतो, आणि डायलवरचा डाग कुणालाच काढता येत नाही. म्हणून घड्याळ नळाखाली धरायचं नाही. पेपर पाण्यात बुडवून झटकायचा, ओलसर राहील एवढाच. चावी पूर्ण आत दाबलेली हवी. काच आणि कड्याच्या फटीवरून टेपची पट्टी फिरवा. टेप मुलाम्याला चिकटून तो सोलू नये म्हणून ती आधी दोनदा हाताच्या पालथ्या बाजूला चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो.

सगळ्यात उत्तम म्हणजे घड्याळजीकडून काच काढून घेणं. पंजासारखं एक हत्यार असतं, त्याने काच कडेने आवळून उचलतात, ओळखीच्या माणसाला पाच मिनिटांचं काम. काच एकटी हातात आली की पाण्याची भीती नाही, केसची नाही. घरी हवी तेवढी घासा आणि त्याच्याकडूनच परत बसवून घ्या. चाकूने उचकटायचा प्रयत्न मात्र करू नका, सेकंदकाटा चाकूच्या टोकापासून कागदाइतक्या अंतरावर असतो.

आता घासणं. सुरुवातीला एक युक्ती. मुलांच्या स्केचपेनने सगळ्यात खोल ओरखड्यावर रेघ मारा आणि लगेच वरून पुसून टाका. खाचेत शाई राहते. घासताना ती शाई दिसेनाशी झाली की तुम्ही तळाला पोचलात. ही युक्ती नसेल तर माणूस अंदाजाने घासत राहतो, आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो. पर्मनंट मार्कर घेऊ नका, त्यातला द्राव ॲक्रिलिकवर कसा वागेल याची खात्री नाही.

१००० चा पेपर फक्त नख अडकणाऱ्या ओरखड्यांसाठी. बाकीच्यांना थेट १५०० ने सुरुवात करा. पेपर बोटाच्या मऊ भागावर धरायचा, बोट आणि पेपर यांच्यामध्ये स्पंजचा पातळ तुकडा असेल तर आणखी चांगलं. खोडरबराचा किंवा लाकडाचा ठोकळा मागे लावू नका. जनताची काच घुमटासारखी असते, सपाट ठोकळ्याने तिला पैलू पडतात. हात हलका, आणि चाल सरळ रेघेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गोल गोल नाही.

नेमक्या ओरखड्यावरच घासायचा मोह होतो. तो आवरा. एकाच जागी घासलं की तिथे खोलगट होतं, आणि ॲक्रिलिक पारदर्शक असल्यामुळे ती खोलगट जागा भिंगासारखं वागते. काटा तिच्याखालून जाताना वाकल्यासारखा दिसतो. एकदा असं झालं की उपाय एकच, उरलेली सगळी काच तेवढी खाली आणायची. म्हणून सुरुवातीपासून पूर्ण काचेवर सारखं फिरायचं, ओरखड्यापाशी फार तर दोन-चार हात जास्त.

दोनएक मिनिटांत काच पांढरट, दुधी होईल. इथे पहिल्यांदा करणारा माणूस घाबरतो आणि आता संपलं असं समजून सोडून देतो. ते दुधीपण म्हणजे पेपरने पाडलेले हजारो सारखे ओरखडे आहेत, ते पुढच्या पेपरने जायचेत. स्केचपेनची शाई गेली की हा पेपर टाकून द्या, काच आणि हात नीट पुसा, आणि पुढच्या नंबरचा पेपर आधीच्या रेघांना आडवा चालवा. आडवा चालवायचं कारण असं की जुन्या रेघा उरल्या असतील तर लगेच वेगळ्या दिसतात. सगळ्या रेघा नव्या दिशेच्या झाल्या की पुढे जायचं.

नंबर गाळायची घाई नको. १००० च्या पेपरचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, २००० चा १० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. आपल्या हिशोबात हे सगळे कण क्षुल्लक, पण १००० वरून थेट पॉलिशवर आलात तर ते १८ मायक्रॉनवाले चर पॉलिश कितीही लावलं तरी उन्हात दिसतील. आणि पेपर बदलताना पुसायचा कंटाळा केला, आधीचा एकच कण मागे राहिला, तर २००० च्या पेपरखाली तो एक लांबलचक नवा ओरखडा ओढतो. तो दिसतो मात्र अगदी शेवटी, सगळं झाल्यावर.

शेवटी पॉलिश. मूगडाळीच्या दाण्याएवढं घ्या, मऊ कापडावर, आणि आता गोल गोल, थोडा दाब देऊन. तीन-चार मिनिटं घोटा, पुसा, बघा. परत. दोन-तीन खेपांत दुधीपण निवळत जातं आणि डायल वर येतो. हिंदी डायलची जनता असेल तर देवनागरीतली ती बारीक अक्षरं अचानक स्वच्छ वाचता येतात. हा क्षण मला अजूनही आवडतो.

इथे माझी चूक सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका जत्रेतून छोटी हातमोटार आणली, तिला नमद्याचं चाक लावलं. हाताने वीस मिनिटं घोटायचं ते अर्ध्या मिनिटात होईल असं डोक्यात. एका गुरुजींचं घड्याळ घेतलं. पहिली दहा सेकंद झकास. मग एका जागी चाक रेंगाळलं आणि काच लोण्यासारखी सरकली. ॲक्रिलिक पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच मऊ पडतं, आणि घर्षणाने तेवढी उष्णता क्षणात होते. घुमटावर लाट उठली, आणि आठचा आकडा विहिरीच्या पाण्यात हलल्यासारखा दिसायला लागला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी डब्यातून त्याच मापाची नवी काच काढून बसवली, मोटार उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली. ती अजून तिथेच आहे. तुमच्याकडे ड्रिलला लावायचा पॉलिशचा संच असेल तर तो दारांच्या कड्यांसाठी ठेवा.

थांबायचं कधी? हातावर घड्याळ बांधून, नेहमी वेळ बघता तेवढ्या अंतरावरून, नेहमीच्या उजेडात ओरखडा दिसत नसेल तर थांबा. भिंगातून दिसणारच. भिंगातून कारखान्यातून आलेल्या नव्या काचेवरही रेघा दिसतात. लॅम्पखाली तिरकं धरून शेवटची रेघ शोधत बसणारा माणूस हमखास काच पातळ करून बसतो, आणि घुमट पातळ झाला की मनगट कुठे आपटल्यावर काच आत दबून सेकंदकाट्याला टेकते. घड्याळ थांबतं आणि मग मशीन बिघडलं म्हणून दुकानात येतं.

काच बदलण्याबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो, जरी त्याने हे सगळं लांबलचक सांगणं फुकट गेलं तरी. जनताच्या काचेवर कंपनीचं कसलंही चिन्ह नसतं, आणि त्या मापाची साधी ॲक्रिलिक काच आजही किरकोळ पैशांत मिळते. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं तरी काचेचं अडत नाही, ती मापाने मिळते, नावाने नाही. त्यामुळे ओरखडे फार खोल असतील तर नवी बसवण्यात घड्याळाचं काही कमी होत नाही. जुन्या ओमेगाचं गणित वेगळं. तिच्या ॲक्रिलिकवर मधोमध कंपनीचं इवलंसं चिन्ह असतं, भिंगाशिवाय न दिसणारं, आणि ती मूळ काच टिकवण्यात अर्थ आहे. डायल मात्र कुणी नवा रंगवून देतो म्हणाला तर नको म्हणा. परदेशातले घड्याळवेडे रंगवलेल्या डायलच्या भडक घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात, ते नाव आपल्याच बाजारांनी कमावलेलं आहे. वडिलांच्या घड्याळाचा डायल पिवळट असला तरी तो त्यांचा आहे.

काम झाल्यावर काच पुसायला साधं ओलसर फडकं पुरे. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, सेंट यांतलं काही नाही. ॲसिटोनने तर ॲक्रिलिक विरघळतंच. करोनाच्या काळात लोकांनी हातांबरोबर घड्याळांनाही सॅनिटायझर चोळला, आणि त्यानंतरच्या वर्षी दुकानात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या काचा एकामागून एक आल्या. आधीच ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की असं होतं, आणि त्या भेगा घासून जात नाहीत.

टेप काढताना कड्याला समांतर, सावकाश ओढा. फटीत पॉलिश गेलं असेल तर काडीचं टोक चावून कुंचल्यासारखं करा आणि त्याने काढा. मग घड्याळ दोन-तीन दिवस हातात न घालता खोलीत ठेवा आणि सकाळी काचेच्या आतून वाफ धरते का बघा. धरली तर पाणी आत गेलंय. अशा वेळी उन्हात ठेवू नका, तांदळाच्या डब्यातही नाही. त्याच दिवशी घड्याळजीकडे नेऊन मागचं झाकण उघडायला सांगा.